मीटरवरचे एसपीएन-एफएमआय कोड नेमके वाचायचे कसे? (बीएस-६ ट्रक आणि बस)

बाराटायर
नमस्कार मंडळी. लासलगाव-पिंपळगाव पट्ट्यातून जेएनपीटीला कांदा टाकतो, दोन गाड्या आहेत. एक जुनी बीएस-४ आणि एक बीएस-६ बारा टायर. जुनीची काही तक्रार नाही, नवीने डोकं उठवलंय. परतीचा माल भरून येताना कसाऱ्यात पिकअपच गेला, ड्रायव्हर म्हणतो पाय पूर्ण दाबला तरी गाडी उचलत नाही, मागे लाईन लागली. मीटरवर पिवळा दिवा आणि हे तीन कोड:
एसपीएन ३२१६ एफएमआय ९
एसपीएन ३२२६ एफएमआय ९
एसपीएन १५६९ एफएमआय ३१
नंतर कळलं की दिवा आधीपासूनच लागत होता, पठ्ठ्याने सांगितलंच नाही. वर्कशॉपला नेली, त्यांनी लॅपटॉप लावला, म्हणाले दोन्ही नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साईड मोजणारे) गेले, दोन्ही बदला. आकडा ऐकून मी म्हटलं आधी कोड उडवून द्या, बघू. उडवले, गाडी एकदम मस्त, आणि नाशिकच्या अलीकडे परत तेच तीन. आता प्रश्न असे की हे आकडे म्हणजे काय, दोन्ही सेन्सर एकाच दिवशी कसे जातील, आणि ऑनलाईन मिळतं ते स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल घेतलं तर मलाच बघता येईल का? धूर साफ करायला लागतो तो युरिया पंपावरचाच टाकतो, लोकल नाही.

हायवेकिंग
भाऊ एमुलेटर (ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कंट्रोलरला, खोटा सिग्नल देणारा डबा) बसवा आणि विषय संपवा. युरियाचा खर्च पण वाचतो.

वायरमन_कळंबोली
हायवेकिंग, हा सल्ला देणारे गाडी परत बिघडली की फोन उचलत नाहीत एवढंच सांगतो. कायद्याने गुन्हा तर आहेच, पण एमुलेटरवाली गाडी माझ्याकडे आली की पहिला अर्धा दिवस कुठली तार कुणी कुठे तोडलीय ते शोधण्यात जातो.

बाराटायर दादा, सेन्सर अजिबात घेऊ नका. निदान आत्ता नको. तुमचा कोडच सांगतोय की सेन्सर तपासायच्या आधी वायर तपासा. लोक एसपीएन वाचतात आणि एफएमआय सोडून देतात, सगळा घोळ तिथेच होतो. एसपीएन म्हणजे कुठल्या गोष्टीबद्दल तक्रार आहे, एफएमआय म्हणजे तक्रार काय आहे. ३२१६ हा इंजिनाकडून धूर साफ करणाऱ्या सिस्टीमच्या आत येणाऱ्या धुरातला नॉक्स, ३२२६ हा बाहेर पडणाऱ्या धुरातला. बरोबर, दोन्ही नॉक्स सेन्सरचेच नंबर आहेत. पण पुढचा ९ बघा. ९ म्हणजे माहिती वेळेवर येत नाहीये. सेन्सर चुकीचं बोलतोय असं नाही, सेन्सरचं बोलणं ऐकूच येत नाहीये.

नॉक्स सेन्सर हा साधा सेन्सर नसतो, त्याच्या वायरच्या टोकाला एक छोटा डबा असतो बघा चासीला बोल्ट केलेला, तो स्वतः एक छोटा कंट्रोलर आहे. त्याला सप्लाय, अर्थ आणि कॅनच्या (कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या लाईनच्या) दोन तारा जातात. सप्लाय तुटला, अर्थ सुटला, कॅनची तार घासली, काहीही झालं तरी ईसीयू ९ च टाकणार. आणि दोन डबे एकदम गप्प झाले म्हणजे दोघांना मिळून जे एकच आहे ते बघायचं. फ्यूज, रिले, दोघांकडे जाणाऱ्या लूमचा (तारांच्या जुडग्याचा) सामाईक भाग. दोन सेन्सर एका रात्रीत मरत नाहीत हो.

तिसरा १५६९-३१ तर बिघाडच नाही. तो म्हणजे ईसीयूने सांगितलंय की मी ताकद कापलीय. कारण वरचे दोन. तो कोड घेऊन जे लोक टर्बो आणि डिझेल पंप खोलायला बसतात त्यांना नमस्कार.

बाराटायर
काका खूप धन्यवाद, पहिल्यांदा कुणीतरी नीट सांगितलं. ते एफएमआयचे सगळे नंबर कुठे मिळतील? ९ आणि ३१ कळले, बाकीचे?

कॅनवाली
मी लिहिते, चाकणला इंजिन कॅलिब्रेशनमध्येच काम करते त्यामुळे दिवसभर हेच बघत असते.

हे सगळं जे१९३९ नावाच्या स्टँडर्डमधून येतं, अमेरिकेतल्या एसएईचं आहे पण जगभरचे मोठे ट्रक, बस, जनरेटर, ट्रॅक्टर हेच वापरतात. ज्या कंट्रोलरला तक्रार आहे तो डीएम१ नावाचा मेसेज दर सेकंदाला लाईनवर टाकत राहतो. त्यात आधी दिव्यांची माहिती, मग प्रत्येक कोडसाठी एसपीएनला १९ बिट, एफएमआयला ५ बिट आणि किती वेळा झालं ते मोजायला ७ बिट. ५ बिट म्हणून एफएमआय ० ते ३१ च असतात, त्यापलीकडे जाऊच शकत नाही. म्हणजे एसपीएन हजारो आहेत ते पाठ करायची गरज नाही, पण एफएमआय बत्तीसच, आणि रोज लागणारे त्याच्याही निम्मे.

० = आकडा खरोखर खूप वर गेलाय, गंभीर. १ = खरोखर खूप खाली, गंभीर. याच दोघांच्या हलक्या बहिणी १५, १६ वरच्या बाजूला आणि १७, १८ खालच्या बाजूला, १५ आणि १७ सगळ्यात सौम्य. यात सेन्सर ठीक आहे असं ईसीयू धरून चालतो, म्हणजे गाडीतच काहीतरी आहे.
३ = व्होल्टेज जास्त, ४ = व्होल्टेज कमी, ५ = करंट कमी किंवा सर्किट तुटलंय, ६ = करंट जास्त किंवा तार बॉडीला लागलीय. हे चार म्हणजे शुद्ध वायरिंग-सेन्सरचा मामला.
२ = आकडा उड्या मारतोय किंवा पटत नाहीये. ७ = हुकूम दिला पण मेकॅनिकल वस्तू हललीच नाही, जसं चिकटलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा). ९ वर सांगितलाच. ११ = कारण नक्की माहीत नाही (हो, असा पण आहे!). १२ = तो भाग किंवा त्यातलं इलेक्ट्रॉनिक्सच खराब. १३ = कॅलिब्रेशन जुळत नाही. १९ = मेसेज येतोय पण त्यातला डेटाच चुकीचा. ३१ = अशी अशी परिस्थिती आहे, बस.

फरक किती पडतो बघा. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑईलचं प्रेशर. १००-१ आला तर ऑईल प्रेशर खरंच गेलंय, बाजूला घ्या, इंजिन तिथल्या तिथे बंद, मालकाला फोन नंतर. १००-४ आला तर बहुतेक सेन्सरची तार कुठेतरी बॉडीला टेकलीय किंवा सेन्सर गेलाय. एकच एसपीएन, एकात इंजिन बसू शकतं, दुसऱ्यात कपलर (तारांचा प्लग) साफ करून काम होऊ शकतं. (तरीही १००-४ मध्ये डिपस्टिक न बघता पुढे जाऊ नका.)

जुनाजाणता
आमच्या काळी कान लावला की कळायचं कुठला नोझल मारत नाही. आता लॅपटॉपशिवाय बोनेट उघडत नाहीत.

वायरमन_कळंबोली
जुनाजाणता साहेब, खरंय, पण त्या काळी डिझेल पंपाला तार एकच होती ती पण बंद करायची. आणि कान अजूनही लागतोच की. ६५१ ते ६५६ हे सहा सिलिंडरच्या इंजेक्टरचे नंबर आहेत, ६५३-५ दाखवलं म्हणजे तिसऱ्याचं सर्किट ओपन. पण इंजेक्टरचं तोंड झिजलं असेल तर बऱ्याचदा कोडच येत नाही, नुसता धूर आणि आवाज. तिथे तुमचेच कान.

ताईंनी लिहिलंय ते सगळ्यांनी प्रिंट काढून केबिनमध्ये लावा. त्यात माझी एक भर. ३ आणि ४ साठी एक फुकटची चाचणी आहे, स्कॅनरवर कोड दिसत असताना करायची. समजा ११०-४ आलाय, ११० म्हणजे कूलंटचं तापमान. हा दोन तारांचा सेन्सर असतो. चावी ऑन ठेवून कपलर काढा. ४ जाऊन ३ आला तर ईसीयू आणि वायर दोन्ही ठीक, सेन्सर आतून शॉर्ट आहे, बदला. कपलर काढूनही ४ तसाच राहिला तर सेन्सर निर्दोष, तार कुठेतरी बॉडीला लागलीय. पाच मिनिटांचं काम आहे, पण होतं काय, आधी नवीन सेन्सर येतो, मग ईसीयू बदलायची भाषा सुरू होते आणि शेवटी क्लॅम्पखाली घासलेली तार सापडते. तीन तारांच्या प्रेशर सेन्सरला हाच नियम आंधळेपणाने लावू नका, तिथे सर्किट कसं केलंय त्यावर उत्तर बदलतं.

डेपोवाला
बसवाल्यांसाठी पण लिहा की. माझं एबीएसचं दुखणं आहे. ७९२ सारखा येतो, मागच्या उजव्या चाकाचा सेन्सर. सेन्सर नवीन टाकला, महिन्यात परत.

वायरमन_कळंबोली
७८९ पुढचा डावा, ७९० पुढचा उजवा, ७९१ आणि ७९२ मागचे. तुमचं निदान बरोबर आहे, पण सेन्सर कुठे बसलाय ते बघा. तो स्प्रिंगच्या बुशमध्ये घट्ट सरकवलेला असतो, हाताने दाबून दातेरी रिंगला टेकवायचा, चाक फिरलं की तो आपली गॅप आपणच करून घेतो. हातोडी लागत असेल तर बुशमध्ये गंज आहे. आणि बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) असेल तर चाक डुलताना रिंग सेन्सरला मागे ढकलते, गॅप वाढते, कमी स्पीडला सिग्नल मिळत नाही. जॅक लावा, चाक वर-खाली धरून हलवा. प्ले निघाला तर आधी बेअरिंग, नाहीतर महिन्याला एक सेन्सर चालूच राहणार.

डेपोवाला
प्ले आहे थोडा. बघतो. अजून एक, आमच्याकडे दोन स्कॅनर आहेत, एकात पी-वाला कोड येतो एकात एसपीएन. कुठला खरा?

कॅनवाली
दोन्ही खरे, एकच तक्रार दोन लिप्यांत आहे असं समजा. पी, सी, बी, यू वाले पाच अक्षरी कोड कारकडून आलेल्या पद्धतीतले, एसपीएन-एफएमआय ट्रकच्या पद्धतीतले. पी ००८७ म्हणजे रेल प्रेशर कमी, तेच जे१९३९ मध्ये १५७ नंबरवर १, १७ किंवा १८ घेऊन येईल. पी २०ईई म्हणजे एससीआरची (युरियाने नॉक्स कमी करणाऱ्या सिस्टीमची) कार्यक्षमता कमी, तिकडे ४३६४-१८. यू ०१०० म्हणजे इंजिनाच्या ईसीयूशी बोलणंच तुटलं. वर काही इंजिन कंपन्यांचे स्वतःचे वेगळे नंबर असतात. कमिन्सवाले ३७१४ म्हणतील तो म्हणजे बाराटायर यांचा १५६९-३१. आणि एसपीएन ५२०१९२ च्या पुढचा असेल तर तो कंपनीचा खाजगी, इंटरनेटवरच्या जनरल यादीत शोधू नका, दुसऱ्याच कंपनीचा अर्थ सापडेल आणि तुम्ही भलतंच खोलाल.

आणखी एक गोष्ट, कोड कोण बोलतोय ते बघा. चांगल्या स्कॅनरवर कोडच्या बाजूला पत्ता दिसतो, ० इंजिन, ३ गिअरबॉक्स, ११ ब्रेक, २३ मीटर. ८४ नंबर म्हणजे गाडीचा स्पीड, तो इंजिनाने टाकलाय की ब्रेकने यावर शोध कुठून सुरू करायचा ते ठरतं. एक कंट्रोलर गप्प झाला की बाकीचे चार जण त्याच्या नावाने ओरडतात, मग स्क्रीनवर कोडची रांग लागते आणि माणूस घाबरतो. अशा वेळी सगळ्यात जास्त तक्रारी कुणाबद्दल आहेत ते मोजा, आणि तो स्वतः काहीच बोलत नसेल तर त्याचा सप्लाय बघा.

फ्रेस्नोवाला
वाचनखूण साठवली. मी कॅलिफोर्नियात भाज्यांचे रीफर (थंड डब्याचे ट्रक) चालवतो, इथे नऊ पिनांचं गोल सॉकेट असतं, जुनं काळं २५० केबीपीएसचं आणि २०१६ च्या सुमारास आलेलं हिरवं ५०० चं. काळ्या केबलचा प्लग हिरव्यात जात नाही, मुद्दाम तसं केलंय. कंपन्यांचे कोड वेगळे पण ३२२६ इथेही ३२२६ च.

बाराटायर
माझ्या गाडीत कारसारखंच सोळा पिनांचं आहे. मग डोंगल चालेल ना?

कॅनवाली
पिना सारख्या दिसल्या तरी तुमची गाडी २४ व्होल्टची आहे, चार्जिंगला २८ पर्यंत जाते. स्वस्त डोंगल १२ व्होल्टसाठी बनवलेलं असतं, आतला रेग्युलेटर तापून जातो. डोंगलमधल्या अस्सल ईएलएम ३२७ चिपला जे१९३९ येतं, बाजारातल्या बहुतेक नकलांना ते धड येत नाही, अॅप "नो डेटा" म्हणतं आणि तुम्हाला वाटतं गाडीत कोडच नाहीत. २४ व्होल्टचं आणि जे१९३९ चा डीएम१ वाचणारं असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. तसंही तुमचं मीटर कोड दाखवतंय, मग तूर्त गरज नाही. कागद-पेन घ्या.

आणि कृपा करून कोड लिहून घेतल्याशिवाय उडवायला सांगू नका. किती वेळा आला, कुठल्या आरपीएमला, किती तापमानाला आला हे ईसीयू जपून ठेवतो, उडवलं की ती साक्ष गेली. बॅटरीची वायर काढून ठेवली की उत्सर्जनाचे कोड जातात हा तर निव्वळ गैरसमज, नियमच असा आहे की बॅटरी काढून ते पुसले जाता कामा नयेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं ते युरो-६ च्या धर्तीवर, त्यात युरियाच्या सिस्टीमची तक्रार दुर्लक्षित केली की आधी टॉर्क २५ टक्के कापला जातो आणि तरी ऐकलं नाही तर गाडी ताशी २० वर येते. कसाऱ्यात तुमचा पहिला टप्पा झाला.

फ्रेस्नोवाला
इथे तर शेवटच्या टप्प्यात ताशी ५ मैल. चालत जाणारा पुढे जातो.

वायरमन_कळंबोली
दादा आता काम सांगतो, जवळच्या कुठल्याही चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला हे दाखवा.

पहिलं, फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नॉक्स किंवा आफ्टरट्रीटमेंटचा (धूर साफ करणाऱ्या सिस्टीमचा) फ्यूज शोधा, नुसता डोळ्याने नाही, काढून पाय बघा, काळा पडलाय का. दुसरं, दोन्ही डब्यांचे कपलर काढून आत हिरवट काही जमलंय का बघा. तिसरं, चावी ऑन करून कपलरमध्ये सप्लाय मोजा, आणि इथे खरी गोम आहे. मल्टीमीटर २४ दाखवेल आणि सगळे म्हणतील सप्लाय ओके. मीटर करंटच घेत नाही त्यामुळे तारेचा एक धागा शिल्लक असला तरी तो पूर्ण २४ दाखवतो. नॉक्स सेन्सरच्या आत हीटर असतो, त्याला दाबून करंट लागतो. म्हणून कपलरमधल्या सप्लाय आणि अर्थला २४ व्होल्टचा २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावून बघा, पिनांची तोंडं पसरवू नका. बल्ब लख्ख पेटला तर तार ठीक. मिणमिणला तर तार कुठेतरी खाल्लीय, मग बल्ब पेटता ठेवून लूम हलवत हलवत मागून पुढे या, जिथे बल्ब लुकलुकेल तिथे थांबा.

चौथं, सप्लाय ठीक निघाला तरच कॅन. बॅटरी कट-ऑफ बंद करून सेन्सरच्या कपलरवर कॅनच्या दोन तारांमध्ये ओहम मोजा. साठच्या आसपास यायला हवं कारण लाईनच्या दोन्ही टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात. १२० आलं तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आलं तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. केबिनमधल्या सॉकेटवर मोजून समाधान मानू नका, बऱ्याच गाड्यांत सेन्सरची कॅन लाईन वेगळी असते, तिथे साठ आलं तरी इकडे भगदाड असू शकतं.

कट-ऑफवरून आठवलं. ड्रायव्हरला सांगा चावी बंद केल्या केल्या कट-ऑफ ओढू नको. चावी बंद झाल्यावर युरियाचा पंप पाईपमधला युरिया परत टाकीत ओढून घेतो, त्याचा आवाज येतो, तो थांबेपर्यंत दम धर. नाहीतर पाईपात, डोझरच्या (युरिया फवारणाऱ्या भागाच्या) तोंडाशी पांढरे खडे जमतात आणि मग ४३३४ (युरियाचं प्रेशर) आणि ४३६४ तुमच्या मागे लागतात. धाब्यावर गाडी लावली की खटकन कट-ऑफ ओढायची सवय जुन्या गाड्यांची आहे.

बाराटायर
अपडेट. उशिरा लिहितोय, गाडी लोडिंगला होती. ओझरजवळ एक वायरमन गाठला, त्याला काकांची पोस्ट वाचून दाखवली, आधी हसला. फ्यूज ओके, कपलर स्वच्छ, मल्टीमीटरवर २४.६. तो म्हणाला सप्लाय आहे सेन्सरच गेलेत. मी म्हटलं बल्ब लावून तर बघ. बल्ब नुसता लाल तार दिसेल एवढाच पेटला. मग लूम हलवत आलो, मागच्या मडगार्डचा ब्रॅकेट जिथे चासीला बोल्ट केलाय तिथे बल्ब फडफडला. तो ब्रॅकेट बॉडी बांधताना नंतर मारलेला आहे, बोल्टचं टोक आतून लूमवर घासत होतं. जाळीचा पाईप कापून तार उघडी, आत हिरवी पूड आणि दोनतीन धागे शिल्लक. तो वायरमन पण बघत राहिला. तेवढा तुकडा कापून नवीन तार जोडली, बोल्ट उलटा फिरवून डोकं आत घेतलं. दोन्ही ९ ताबडतोब जुन्या कोडच्या यादीत गेले, १५६९ थोडं चालवल्यावर गेला. परवा भरलेली गाडी घाट चढून आली.

आता फक्त एक ९७-१५ मधेमधे येतो आणि जातो, हा काय आहे?

वायरमन_कळंबोली
९७ म्हणजे डिझेलमध्ये पाणी. वॉटर सेपरेटरच्या खालचा कॉक उघडून बाटलीत काढा, पाणी खाली बसलेलं दिसेल. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर पण बघा, आणि एकाच पंपावर भरल्यावर येत असेल तर पंप बदला. सेपरेटर कोरडा असूनही येत राहिला तर मग त्याच्या तळाच्या सेन्सरचा कपलर, तिथे चिखल उडतो. आणि त्या जोडावर काळी टेप मारली असेल तर ती काढा, सायलेन्सरच्या गरमीत गोंद सुटतो. गोंदवाला हीट श्रिंक (गरम केला की आवळणारी नळी) घाला, वरून जाळीचा पाईप, आणि क्लिप बोल्टपासून वीतभर लांब.

डेपोवाला
बेअरिंग टाईट केलं, ७९२ अजून तरी आला नाही. बल्बची युक्ती आमच्या इलेक्ट्रिशियनला दाखवली, तो म्हणतो मी कधीपासून करतोय. मग सांगितलं का नाही रे बाबा.

बाराटायर
काका, बाटलीत काढलं, दोन बोटं पाणी निघालं. पंप बदलतो.